रक्त किती वाजता काढलं?

(अंजनवेल, ता. गुहागर इथल्या स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

अंजनवेलीला रात्र जागणं नवं नाही. गोपाळगडाच्या तटावर पहारे होते, तेव्हाही वाशिष्ठीच्या मुखाकडे रात्रभर कुणी ना कुणी डोळे लावून असायचं. टाळकेश्वराजवळच्या दीपगृहाने पुढे तेच काम समुद्रावरून जाणाऱ्यांसाठी केलं. वेलदूरच्या होड्या पाण्याची वेळ पाहून निघतात, मग ती पहाटेची असो की मध्यरात्रीची. १९९०च्या दशकात इथे दाभोळ वीज प्रकल्प आला. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला, आणि शेजारी जहाजातून द्रवरूप वायू उतरवून घेण्याचं टर्मिनल उभं राहिलं. या प्रकल्पाचे करार, खटले आणि राजकारण यांवर रकानेच्या रकाने लिहून झाले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. दिवेलागण, जेवण आणि निजानीज असा जिथे दिवसाचा क्रम होता, तिथे तीन पाळ्यांचं घड्याळ आलं. घरातली मुलं शाळेला निघताना बाप झोपायला जाऊ लागला.

झोपेची तक्रार घेऊन असा माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा चिठ्ठीवर हल्ली बहुधा तीन अक्षरं येतात: टीएसएच. कुणाच्या हाती पंचवीस-तीस तपासण्यांचं पॅकेजच पडतं. रिपोर्टवर आकडा असतो, शेजारी नॉर्मलची मर्यादा छापलेली असते आणि मर्यादेबाहेरचा आकडा ठळक केलेला असतो. नमुना किती वाजता घेतला, माणूस आदल्या रात्री झोपला होता का, कुठली औषधं चालू होती, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. धक्क्यावर पाणी किती आहे ते सांगितलं आणि वेळ सांगितली नाही, तर तेवढ्यावर कुठलाही तांडेल होडी काढणार नाही. हार्मोनच्या आकड्याचंही तसंच आहे. आजच्या व्याख्यानाचा सगळा भर या एका मुद्द्यावर आहे: झोपेच्या तक्रारीत आधी वेळ विचारावी, मग रक्त काढावं.

शरीरातली रात्र कशी चालते ते आधी पाहू. अंधार पडू लागला की मेंदूच्या मध्याजवळची, जेमतेम पाच-आठ मिलिमीटरची पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास त्याची पातळी वाढायला लागते, उत्तररात्री ती सर्वांत जास्त असते आणि उजाडता उजाडता उतरते. १९५८ साली येल विद्यापीठातल्या एरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने गाईंच्या हजारो पिनियल ग्रंथींमधून हे द्रव्य वेगळं केलं. तो शोधत होता त्वचेच्या रंगाशी संबंधित काही, हाती आला रात्रीचा निरोप्या. शरीराला जागं करणाऱ्या कॉर्टिसोल या हार्मोनची चाल बरोबर उलटी. ते मध्यरात्रीच्या सुमाराला तळाशी असतं, पहाटेपासून चढतं आणि जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं. ग्रोथ हार्मोनचा मोठा लोंढा रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येतो. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच संध्याकाळनंतर वाढतं, रात्री जास्त असतं आणि दुपारी कमी होतं.

हे घड्याळ पेशीपेशीत असतं. ते कसं चालतं याचा उलगडा फळमाशीवर काम करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांनी केला, त्याबद्दल त्यांना २०१७चं नोबेल मिळालं. घड्याळ रोज जुळवून घेतलं जातं ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर. रात्रपाळीचा माणूस नेमका तिथेच अडतो. कंट्रोल रूमच्या लख्ख दिव्यांखाली मेलाटोनिन दबतं. सकाळी घरी परतताना ऊन डोळ्यांवर येतं आणि शरीराला दिवस सुरू झाल्याची खूण मिळते. मग कॉर्टिसोल चढलेलं असताना, उकाड्यात, मिक्सर आणि मोटारसायकलींच्या आवाजात त्याने झोपायचं. ही झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तास-दोन तासांनी, कधी त्याहूनही अधिक कमी पडते. शरीर थोडं रुळतंय म्हणेपर्यंत पाळी बदलते. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला बहुधा कर्करोगकारक असलेल्या गोष्टींच्या गटात घातलं, आणि २०१९ साली फेरविचार करूनही तिथेच ठेवलं. कामगारांच्या बैठकीत भत्त्याइतकाच या गोष्टीचा विषय निघायला हवा.

आता या माणसाची रक्ततपासणी डोळ्यांसमोर आणा. सातला पाळी सुटली. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून चहा घेतला नाही. चिपळूणला पोचून, नंबर लागून, सुई टोचेपर्यंत दहा वाजले. लॅबच्या लेखी हा सकाळचा नमुना. त्याच्या शरीराच्या लेखी ही एका लांबलेल्या रात्रीची अखेर. गाढ झोप टीएसएचला थोडं आवरून धरते, रात्रभर जागरण झालं की ते नेहमीपेक्षा वर जातं. म्हणजे मर्यादेच्या किंचित वर आलेला त्याचा आकडा थायरॉइडचा असेल किंवा नुसत्या जागरणाचा. त्याच्या कॉर्टिसोलचा आकडा तर सकाळी आठच्या प्रमाणित आकड्यांशी ताडून पाहणंच चूक.

थायरॉइडपाशी थोडं अधिक थांबायला हवं, कारण झोपेच्या तक्रारीत हार्मोनांपैकी सर्वांत जास्त गाठ पडते ती त्याच्याशीच, आणि त्याच्या तपासणीत महाराष्ट्राचा मोलाचा वाटा आहे.

रक्तात हार्मोन इतकं थोडं असतं की साध्या रसायनशास्त्राला ते सापडत नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या सरकारी रुग्णालयात रोझॅलिन यॅलो ही भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हा डॉक्टर यांनी किरणोत्सारी खूण लावून ते मोजण्याची युक्ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढली. तिचं नाव रेडिओइम्युनोअसे. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ साली वारले, यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. मुंबईत अणुऊर्जा खात्याने १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं होतं. किरणोत्सारी आयोडीन वापरून थायरॉइडचे रोग ओळखायचे आणि बरे करायचे, हे तिथलं मुख्य काम. हार्मोन मोजण्याची ही पद्धतही तिथे रुजली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि त्यातून निघालेल्या ब्रिट या संस्थेत टी-३, टी-४ ही थायरॉइडची हार्मोन आणि टीएसएच मोजण्याचे संच इथेच तयार होऊ लागले. आज गल्लीतल्या संकलन केंद्रातही टीएसएच होतं, आता किरणोत्सारी पदार्थाऐवजी प्रकाशाच्या साह्याने. पण परदेशी संचावर अवलंबून न राहता ही तपासणी देशात उभी राहिली, त्यामागे परळ आणि तुर्भ्याच्या माणसांचे कष्ट आहेत. कोकणातल्या किती घरांतून उपचारांसाठी परळची वाट धरली गेली, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

या कामाचं सर्वांत सुंदर फळ नवजात बाळांच्या वाट्याला आलं. परळच्याच वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकात मुंबईत नवजात बाळांची थायरॉइड तपासणी करून दाखवली. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ आईला आजारी वाटत नाही. ते पुष्कळ झोपतं. पाजायला घेतलं की दोन घोट पितं आणि पुन्हा झोपतं. आवाज जरा घोगरा, काविळीचा पिवळेपणा लवकर उतरत नाही, शी कडक होते, पोट थोडं मोठं दिसतं. बघायला आलेल्या बायका कौतुकाने म्हणतात, “किती गुणी पोर, रडतच नाही!” ही गुणी झोप मेंदूच्या वाढीवर घाला घालत असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं, काही महिन्यांचा उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही. तपासणी म्हणाल तर टाचेला एक टोच आणि जाड कागदावर रक्ताचे थोडे थेंब.

आणि इथेही वेळ आहेच. बाळ जन्मल्यावर तासाभरातच त्याचं टीएसएच उसळी मारतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत खाली येतं. म्हणून नमुना शक्यतो ४८ तास झाल्यावर घ्यायचा. बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी निघाली तर नमुना एक तर फार लवकर घेतला जातो किंवा राहूनच जातो. बाळंतपणाला रत्नागिरी, चिपळूण किंवा डेरवण, कुठेही गेलात तरी निघण्याआधी “टाचेचं रक्त घेतलं का?” एवढा प्रश्न आजीने विचारावा. सुनेला त्या वेळी ते सुचेलच असं नाही.

मोठ्या माणसांत थायरॉइड दोन्ही बाजूंनी झोप बिघडवतो. तो जास्त झाला की छातीत धडधड, घाम, हाताला कंप, भूक असूनही वजन उतरणं, आणि अंथरुणावर पडलं तरी मन धावत राहणं. असा माणूस कित्येकदा ‘टेन्शन’ म्हणून झोपेच्या गोळ्यांवर ठेवला जातो. थायरॉइड कमी झाला की दिवसभर गुंगी, जडपणा, थंडी सोसत नाही, आणि रात्री घोरणं वाढतं. जीभ आणि घशातले मऊ भाग सुजट होतात, झोपेत श्वास अडकतो. आठ तास झोपूनही सकाळी अंग मोडून येतं. म्हणून नव्याने घोरणं सुरू झालेल्या, सुस्तावलेल्या बाईचं टीएसएच बघणं हा शहाणपणाचा भाग आहे.

आकड्याकडे मात्र सावधपणे पाहावं. मोठ्यांत टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ धरली जाते. ते पाच-सहा आलं, टी-४ नीट आहे आणि गरोदरपण नाही, तर बहुतेक वेळा लगेच गोळी सुरू करायची घाई नसते. दोन-तीन महिन्यांनी, नीट झोप झालेल्या रात्रीनंतर, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा पाहावं. गोळी चालू असेल तर रक्त देऊन मग ती घ्यावी. डोस बदलला तर सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय नवा आकडा खरा नसतो. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर गोळीच झोप उडवते, पंधरा-वीस वर्षं एकाच मात्रेवर असलेल्या वयस्कर बायकांत हे आवर्जून तपासावं. आणखी एक. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. ते काही तपासणी पद्धतींना चकवतं, टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतं. थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र, रोग काहीच नाही. तपासणीआधी किमान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि त्या घेतो हे डॉक्टरांना सांगावं.

पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांची गोष्ट वेगळी. भारतात ते वय सरासरीने पन्नाशीच्या अलीकडेच येतं. रात्री दोन-अडीचला छातीपासून गळ्यापर्यंत गरम लाट येते, घामाने पोलकं भिजतं, पंखा वाढवावा तर पाच मिनिटांत थंडी वाजते. इस्ट्रोजेन उतरल्याने मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र जरा जरा गोष्टीला दचकू लागतं, त्याचा हा खेळ. कोकणातल्या दमट रात्रीत ही लाट कुणाच्या लक्षातही येत नाही, उकाडा सगळ्यांनाच असतो. इथे तपासणीचा आग्रह धरू नये. वय पंचेचाळीसच्या पुढे, पाळी अनियमित आणि अशा लाटा, एवढ्यावर निदान होतं. या काळात बीजकोशांना चालना देणारं एफएसएच हे हार्मोन आठवड्याआठवड्याला वरखाली होतं, एका दिवसाच्या आकड्याने काही ठरत नाही. तिला हवं असतं ते तिचं म्हणणं ऐकून घेणारं कुणी, आणि उपचार आहेत ही माहिती. हार्मोनचे आहेत, बिनहार्मोनचेही आहेत, तिच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरांनी ठरवायचे. “या वयात असंच असतं” म्हणून तिला गप्प करणं अन्यायाचं आहे.

याच वयात अंगावरून जास्त जात असेल तर लोह कमी होतं आणि रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. पोटऱ्यांत वळवळ होते, उठून चालल्यावरच बरं वाटतं. हे हार्मोनचं नव्हे. लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन ही एक तपासणी त्याचा उलगडा करते, आणि महागड्या हार्मोन पॅकेजात नेमकी तीच अनेकदा नसते.

आतापर्यंत हार्मोनने झोप बिघडण्याविषयी बोललो. उलटा प्रवाहही तेवढाच जोरकस आहे. शिकागो विद्यापीठात कारिन स्पीगल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांची साखर पेलण्याची ताकद ठळकपणे घटली आणि संध्याकाळचं कॉर्टिसोल वाढलं. २००४ साली अशाच प्रयोगात, चार तासांच्या दोनच रात्रींनंतर, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. २०११ साली दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोप मिळाली, त्यांचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. म्हणजे जागरणाने आकडा बिघडतो, बिघडलेला आकडा पाहून गोळी सुरू होते, आणि जागरण तसंच राहतं.

साखरेच्या बाबतीत आपल्याला तर गाफील राहून चालणारच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात लपलेली चरबी जगापुढे मांडली. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यामुळे ‘आपण तर काटकुळे’ या भरवशावर रात्रपाळीच्या माणसाने राहू नये. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून झोप मोडते अशी तक्रार आली, तर हार्मोनच्या लांबलचक यादीआधी साखर बघावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी पाळी सुटल्यावर दिली तरी चालते, तिला वेळेचं बंधन नाही. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, बसल्या जागी डुलकी लागणं, अशी लक्षणं असतील तर मात्र रक्त काढून भागत नाही. झोपेत श्वास आणि प्राणवायू मोजणारी तपासणीच करावी लागते.

कॉर्टिसोलविषयी थोडक्यात, कारण त्याचे खरे रोग विरळा आहेत. ते जास्त असल्याचा संशय असेल तर रात्री अकरा-बाराला डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी आठला रक्त घेतात, किंवा मध्यरात्रीच्या सुमाराची लाळ तपासतात. रात्रपाळीच्या माणसाला लाळेची तपासणी लागू पडत नाही, त्याची मध्यरात्र वेगळी असते. पण गावाकडे जो धोका डोळ्यांदेखत आहे, तो सांधेदुखी आणि दम्यावर मिळणाऱ्या, नावगाव नसलेल्या पुड्यांचा. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. संध्याकाळी पुडी घेतली की रात्रभर टक्क जाग. कित्येक महिने घेऊन एकदम बंद केली की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल आटलेलं असतं, आणि चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असा जिवावरचा प्रसंग ओढवतो. पुडी घेत असाल तर ती लपवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करा.

मेलाटोनिन आणि ग्रोथ हार्मोन यांचा दिवसा कधीतरी काढलेला एकेरी आकडा झोपेबद्दल काहीही सांगत नाही. मेलाटोनिन मोजायचंच तर मंद उजेडात, संध्याकाळपासून दर अर्ध्या-एक तासाने लाळेचे नमुने घ्यावे लागतात, आणि ते काम झोपेच्या खास केंद्रांचं. पॅकेजात ही नावं दिसली तर तेवढे पैसे वाचवावेत. त्याऐवजी दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: कधी पडलो, कधी लागली, किती वेळा उठलो, कुठली पाळी होती. चहा, तंबाखू, दारू आणि औषधं यांची नोंद शेजारी. ही वही वाचणाऱ्या डॉक्टरला अनेकदा एकाच तपासणीत उत्तर मिळेल.

राहिला प्रश्न तारखेचा. प्रकल्पातल्या माणसाने हार्मोनची तपासणी रजेच्या किंवा दिवसपाळीच्या आठवड्यात, दोन-तीन रात्री घरी झोपल्यावर ठेवावी, आणि फॉर्मवर शेवटच्या रात्रपाळीची तारीख लिहायला लावावी. वेलदूरच्या मच्छीमारांना पावसाळा सोयीचा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं रात्री घरी झोपतात. साखर, थायरॉइड, रक्तदाब यांचं शिबिर गावात भरवायचं तर ते त्या दोन महिन्यांत भरवावं, सकाळी आठला, आणि प्रत्येक नळीवर नावाखाली वेळ लिहून. धडधड वाढली असेल, वजन भराभर उतरत असेल, कुणी झोपेतून नीट जागाच होत नसेल, तर मात्र शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी गुहागरचं ग्रामीण रुग्णालय गाठावं.